बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी उन्हाळी संशोधन फेलोशिप: अर्जापासून अहवालापर्यंत

आमच्या कॉलेजात प्रत्येकाच्या नावाची एक मेंटॉर-मेंटी वही असते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली की ती बघितली जाते, त्यामुळे ती भरलेली असावी लागते. वीस-पंचवीस मुलं एका शिक्षकांपुढे रांगेत उभी राहतात, "काही अडचण?" असं विचारलं जातं, "नाही मॅडम" म्हणायचं, सही करायची आणि बाहेर पडायचं. पहिल्या वर्षाच्या माझ्या वहीत "अडचण नाही" एवढंच लिहिलेलं आहे.

अडचण तर होती. आमच्याकडे पहिल्या वर्षाला चार विषय असतात. माझे रसायनशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र होते. पुढे ते गळत जातात आणि शेवटच्या वर्षी एकच उरतो. तो कुठला ठेवायचा? घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावात ज्याला विचारावं तो सांगायचा, केमिस्ट्री घे, एमआयडीसीत नोकरी लागते. मला मायक्रो आवडायचं, पण आवडतं एवढ्यावर तीन वर्षांचा निर्णय घ्यायचा का, हे कुणाला विचारावं तेच कळत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, म्हणजे ऑगस्ट २०२३ मध्ये, सूक्ष्मजीवशास्त्राच्या मॅडम माझ्या मेंटॉर झाल्या. सही करून सगळे गेले तरी मी तिथंच थांबले. आमच्या उसाला आबा दरवर्षी पीएसबीचं, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर टाकतात. तरीही १,३५० रुपयांचं डीएपीचं, म्हणजे स्फुरद असलेल्या खताचं, पोतं काही कमी होत नाही. मी विचारलं, "मॅडम, ते जिवाणू आमच्या रानात खरंच काम करतात का? कसं बघायचं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मी सांगण्यापेक्षा तूच बघ की. शनिवारी दुपारी लॅब मोकळी असते. येताना रानातली माती घेऊन ये."

माझ्या कॉलेजच्या सगळ्या वर्षांमधला सर्वांत महत्त्वाचा सल्ला हा होता आणि तो वहीत कुठंच लिहिलेला नाही. म्हणून हे वाचणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगते, मेंटॉरकडे "मला संशोधन करायचंय" असं म्हणत जाऊ नका. एखादा खरा प्रश्न घेऊन जा. तो छोटा असला, शेतातला किंवा स्वयंपाकघरातला असला तरी चालतो. नुसत्या इच्छेवर शिक्षकांना फार काही करता येत नाही. प्रश्न असला की पुढचं पाऊल सांगता येतं.

दर शनिवारी लॅबला जायला लागले. काम साधंच होतं. उसाच्या मुळांना चिकटलेली माती झटकून घ्यायची, निर्जंतुक पाण्यात मिसळून दहा-दहा पटीनं पातळ करत न्यायची आणि पिकोव्हस्काया अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटवर पसरायची. १९४८ पासून हेच माध्यम वापरात आहे. त्यात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट घातलेलं असतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्लेट ताकासारखी गढूळ दिसते. जो जिवाणू आम्ल सोडून ते फॉस्फेट विरघळवतो, त्याच्या वसाहतीभोवती, म्हणजे प्लेटवर वाढलेल्या ठिपक्याभोवती, गढूळपणा जातो आणि काचेसारखं स्वच्छ कडं तयार होतं. तिसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरली तर काहीच दिसलं नाही. पुढच्या शनिवारी बघते तर एका पिवळसर, चकचकीत ठिपक्याभोवती गोल कडं पडलेलं. त्यातून प्लेटखालच्या कागदावरची माझीच अक्षरं वाचता येत होती. मी ती प्लेट हातात घेऊन मॅडमच्या केबिनपर्यंत अक्षरशः पळत गेले.

वसाहतीचा आणि कड्याचा व्यास पट्टीनं मोजायचा, दोन्हींची बेरीज करून वसाहतीच्या व्यासानं भागायचं, हा झाला विरघळवण्याचा निर्देशांक. खर्च म्हणाल तर मला फक्त एसटीचा पास आणि वही लागली. माध्यम आणि प्लेटा विभागाच्या होत्या. पण ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, एकच आणि प्रॅक्टिकलच्या बॅचला तो आधी लागायचा. म्हणून लॅब असिस्टंट काकांशी बोलून ठेवायचं, त्यांच्या लोडबरोबर आपले फ्लास्क लागतात. त्यांची मदत नसती तर काहीच झालं नसतं, आणि लॅबची शिस्त मी त्यांच्याकडूनच शिकले.

ऑक्टोबरात मॅडमनी उन्हाळी फेलोशिपचं सांगितलं. बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी (सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली स्थापन केलेली), दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी, अशा तिन्ही मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने देशभरातल्या शास्त्रज्ञांकडे काम करायला पाठवतात. मी हे नावही ऐकलं नव्हतं. माझ्या डोक्यात संशोधन म्हणजे एम.एस्सी. झाल्यावर, नेट-सेट झाल्यावर करायची गोष्ट होती. "दुसऱ्या वर्षाच्या मुलीला कोण घेणार?" असं मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "न घेण्याचं काम त्यांचं आहे, ते त्यांना करू दे. तू अर्ज कर."

अर्ज ऑनलाइन असतो. दहावी, बारावी आणि झालेल्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, मार्गदर्शकांच्या यादीतून आपली पसंती, एका शिक्षकांचं शिफारसपत्र आणि आपल्याला काय करायचंय यावर इंग्रजीतून छोटं टिपण. ऐकायला सोपं वाटतं. माझा सगळा नोव्हेंबर त्यात गेला.

सर्वांत जास्त वेळ टिपणानं खाल्ला. पहिल्या खर्ड्याची सुरुवात "मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे" अशी होती. मॅडमनी त्यावर आडवी रेघ मारली. म्हणाल्या, "हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. तुझ्या रानातली माती फक्त तुझ्या अर्जात असेल." मग मी प्लेटबद्दल, कड्यांबद्दल आणि आबांच्या पोत्याबद्दल लिहिलं. इंग्रजी कच्चं आहे याची लाज वाटत होती. मॅडमनी व्याकरण तपासलं, पण वाक्यं माझीच राहू दिली. त्यांनी सांगितलेली एक युक्ती पुढंही फार उपयोगी पडली. आधी मराठीत लिहायचं, प्रत्येक वाक्याला "मग काय?" असं विचारायचं, ज्याला उत्तर नाही ते खोडायचं आणि उरलेलं इंग्रजीत न्यायचं.

कागदपत्रांत दोन गोष्टींनी दमवलं. बारावीच्या गुणपत्रिकेवर माझं नाव एका पद्धतीनं होतं आणि आधारवर दुसऱ्या, आईचं नाव एकात होतं, एकात नव्हतं. अर्जात मी सगळीकडे गुणपत्रिकेवरचंच नाव ठेवलं आणि आधार नंतर सेवा केंद्रात जाऊन दुरुस्त करून घेतलं. बँक खात्याचं नाव जुळावं लागतं, त्यामुळे हे काम आधीच करून ठेवा. दुसरं शिफारसपत्राचं. ते शिक्षकांकडून यावं लागतं आणि शिक्षक कामात असतात. शेवटच्या आठवड्यात मागितलं तर घाईत चार ओळी मिळतात. मी मॅडमना तीन आठवडे आधी सांगितलं होतं आणि सोबत एका पानावर लिहून दिलं होतं, कोणत्या महिन्यात काय काम केलं, कुठलं माध्यम वापरलं, काय दिसलं. त्यातूनच त्यांचं पत्र तयार झालं. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ हमखास मंद चालतं. दोन-तीन दिवस हातात ठेवून फॉर्म भरा आणि भरल्यावर पीडीएफ उतरवून स्वतःलाच मेल करून ठेवा.

मग वाट बघणं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मैत्रिणीला तिच्या अर्जाचा नकार आला, माझं काहीच नाही. ते दिवस जड गेले हे खरंच सांगते. कॉलेजातलं प्रॅक्टिकल करतानाही मन मेलकडे असायचं. मॅडमनी तेव्हा मला दुसऱ्या कामाला लावलं, "फेलोशिप मिळो न मिळो, तुझे जिवाणू स्लँटवर उतरवून फ्रीजमध्ये ठेव, नाही तर मरतील." स्लँट म्हणजे तिरकं गोठवलेलं अगार असलेली नळी. मार्चमध्ये मेल आला. निवड झाली होती आणि संस्था होती पुण्याची आघारकर संशोधन संस्था.

ही संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली आणि १९९२ मध्ये तिला संस्थापक वनस्पतीशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव दिलं गेलं. सोयाबीनच्या 'एमएसीएस' नावानं येणाऱ्या जाती तिथल्याच. आबांना बाकी काही सांगावं लागलं नाही. सोयाबीनचं बी जिथं तयार होतं तिथं जायचंय म्हटल्यावर ते लगेच "जा" म्हणाले. आईचा प्रश्न वेगळा होता. राहणार कुठं, जेवणार कुठं? तिचं बरोबरच होतं. एरंडवण्यात मुलींच्या पीजीत तिघींची खोली मिळाली, महिना साडेपाच हजार आणि तेवढंच डिपॉझिट. डबा अडीच हजारांचा. फेलोशिपचे पैसे पहिल्या दिवशी हातात येत नाहीत, म्हणून निदान पहिल्या महिन्याचा खर्च घरून घेऊन निघावं लागतं. आमच्याकडे ऊसबिलाचा हप्ता वेळेवर आला होता म्हणून जमलं. ज्यांचं तसं जमत नसेल त्यांनी मार्गदर्शकांना आधीच विचारावं, संस्थेचं वसतिगृह आहे का, जागा मिळेल का. विचारायला संकोच करू नका, हा प्रश्न त्यांना दरवर्षी येतो.

खरा घोळ परीक्षेनं घातला. वेळापत्रक पुढं ढकललं गेलं आणि माझा शेवटचा पेपर रुजू होण्याच्या तारखेनंतर आला. मला वाटलं, संपलं सगळं. मॅडमनी शांतपणे सांगितलं की वेळापत्रकाची प्रत जोडून अकादमीला आणि पुण्याच्या मार्गदर्शकांना एकाच मेलमध्ये कळव, रुजू होण्याची नवी तारीख तूच सुचव आणि दोन महिने पूर्ण करीन असं स्पष्ट लिही. दोन्हीकडून होकार आला. प्राचार्यांचं ना हरकत पत्र आणि बोनाफाइड घ्यायला मात्र ऑफिसच्या फेऱ्या झाल्या, कारण असं पत्र याआधी कुणी मागितलंच नव्हतं आणि क्लार्क दादांकडे नमुना नव्हता. शेवटी नमुना आम्हीच टाइप करून दिला. आता तो ऑफिसात आहे, पुढच्या मुलांना सोपं जाईल.

मे महिन्याच्या अखेरीस कोयना एक्सप्रेसनं पुण्याला गेले. स्लँट बर्फाच्या डब्यात बरोबर होते. मार्गदर्शकांना आधी विचारून, लेखी होकार घेऊनच आणले होते. न विचारता कुठल्याही प्रयोगशाळेत आपले जिवाणू नेऊ नका.

पहिले दिवस मला प्रयोगच दिला नाही. गाइड सरांनी काही शोधनिबंध हातात ठेवले आणि "हे वाचून मला सांग" म्हणाले. मी सारांश लिहून नेला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुमच्या रानातल्या मातीचा सामू किती?"

सामू म्हणजे पीएच; सातच्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी. मृदा आरोग्य पत्रिका मी नेली होती. "८.२, सर."

"आणि तुझ्या प्लेटमध्ये आम्ल अडवायला काय आहे?"

काहीच नव्हतं. हळूहळू लक्षात आलं ते असं. पिकोव्हस्कायाच्या प्लेटवर जिवाणूनं थोडं आम्ल सोडलं की सामू लगेच खाली येतो, फॉस्फेट विरघळतं आणि कडं पडतं. आमची कृष्णाकाठची काळी माती चुनखडीयुक्त, अल्कधर्मी. तिथं सोडलेलं आम्ल माती तिथल्या तिथंच मारून टाकते. म्हणजे प्लेटवर मोठं कडं पाडणारा जिवाणू रानात काम करेलच असं नाही. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं, माध्यमात सामू स्थिर ठेवणारा बफर घातला की बऱ्याच जिवाणूंची विरघळवण्याची ताकद कमी पडते. माझा ऑगस्टमधला प्रश्न, पोतं का कमी होत नाही, त्याच्या उत्तराचा एक धागा इथं होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदानं.

मग ट्रिस बफरनं सामू ८ वर धरलेल्या, रॉक फॉस्फेट आणि मिथाइल रेड घातलेल्या प्लेटा ओतल्या. मिथाइल रेड एरवी पिवळा असतो आणि सामू बराच खाली गेला तरच लाल होतो. कॉलेजात ज्यांची कडी सर्वांत मोठी होती, ते जिवाणू या प्लेटवर वाढले, पण प्लेट पिवळीच राहिली. फक्त एका मध्यम कड्याच्या जिवाणूभोवती चौथ्या-पाचव्या दिवशी फिकट लाल वर्तुळ आलं. मी ज्याला वहीत खालचा क्रमांक दिला होता, तोच.

तो कोण हे बघायचं तर जिवाणू ओळखायला वापरतात त्या १६-एस जनुकाचं पीसीआर करावं लागतं, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढायच्या आणि त्या जेलवर पट्ट्याच्या रूपात बघायच्या. पहिल्या जेलवर लॅडर, म्हणजे लांबी मोजायचा नमुना, स्वच्छ दिसला आणि माझ्या खणात काळोख. पुन्हा केलं, पुन्हा काळोख. लॅबमधल्या पीएच.डी. करणाऱ्या ताईंनी सुचवलं की डीएनए फार दाट आहे, त्याबरोबर चिकट शर्कराही आली असेल, दहापट पातळ करून बघ. तसं केलं आणि जेल डॉकच्या पडद्यावर दीड हजार बेस पेअरच्या जागी ठळक पट्टा उमटला. जनुकाचा सिक्वेन्स, म्हणजे अक्षरक्रम, आला तो एंटेरोबॅक्टर वंशाशी जुळणारा. मी लगेच खताचं स्वप्न बघायला लागले. सरांनी सांगितलं की या वंशातले काही जिवाणू माणसाला आजारी पाडू शकतात, त्यामुळे सुरक्षिततेच्या चाचण्यांशिवाय त्याला रानात सोडायचा विचारही करायचा नाही. हेही मला पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं.

तिथले सोमवार मला सर्वांत अवघड गेले. ग्रुप मीटिंग इंग्रजीत असायची. मोठ्या संस्थांतून आलेली मुलं भरभर बोलायची. पहिल्या मीटिंगला मी एक शब्द बोलले नाही. ताईंनी सांगितलं, "आकृती काढून दाखव, आकृतीला इंग्रजी लागत नाही." पुढच्या वेळी फळ्यावर प्लेट काढली, लाल वर्तुळ काढलं, आणि बोलणं आपोआप सुटलं. अडलं तिथं मराठीत बोलले. कुणी हसलं नाही. उलट एकानं माझ्याकडून मातीच्या नमुन्यांबद्दल माहिती घेतली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना मला हे अगदी कळकळीनं सांगायचंय. तिथं तुमच्या इंग्रजीपेक्षा तुमची नोंदवही जास्त बोलते. रोज तारीख, लॉट नंबर, सामू, वेळ लिहा. न जमलेला प्रयोगही लिहा. सर माझी वही बघायचे तेव्हा सर्वांत जास्त प्रश्न त्या काळ्या जेलच्या पानावर विचारायचे.

मधल्या टप्प्यावर एक आणि शेवटी एक असे दोन अहवाल अकादमीला द्यावे लागतात. शेवटच्या आठवड्यासाठी लिखाण ठेवू नका, पद्धतींचा भाग काम चालू असतानाच लिहून काढा. संदर्भ सुरुवातीपासून एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साठवा. प्रवासाची तिकिटं जपून ठेवा. अहवालावर मार्गदर्शकांची सही झाल्यावरच परतीचं तिकीट काढा, कारण सर दौऱ्यावर असले की सही अडकते.

परत आले तोवर तिसरं वर्ष सुरू झालं होतं. विषय कुठला ठेवायचा हा प्रश्न उरलाच नव्हता. चुकलेले तास मैत्रिणींच्या वह्यांवरून भरून काढले, आणि त्या वर्षी तेच काम घेऊन 'आविष्कार'ला उतरले. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ पासून महाराष्ट्रातल्या विद्यापीठांसाठी ही स्पर्धा होते, सहा विद्याशाखांचे गट असतात आणि पदवीच्या मुलांसाठी वेगळा स्तर. पोस्टर छापायला चारशे रुपये गेले. जिल्हा पातळीपर्यंत पोचले, पुढं निवड झाली नाही. पण तिथल्या एका परीक्षकांनी विचारलं, "कुंडीतल्या उसावर बघितलंय का?" बघितलं नव्हतं. तेच माझ्या शेवटच्या सेमिस्टरच्या प्रकल्पाचं काम झालं.

आबांना काय सांगितलं, असं सगळे विचारतात. कल्चरची बाटली पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात ठेवायची नाही, तारीख बघून घ्यायची, डीएपीबरोबर एकदम न टाकता कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकायची आणि मातीची तपासणी केल्याशिवाय स्फुरदाचं पोतं ठरवायचं नाही. माझ्या जिवाणूंबद्दल अजून सांगण्यासारखं काही नाही, असंही सांगितलं. ते म्हणाले, "मग बघत राहा." या वर्षी त्यांनी एका सरीत कमी डीएपी टाकून ती माझ्यासाठी खुणेनं वेगळी ठेवली आहे.

सध्या मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजातल्या फ्रीजरमध्ये माझे जिवाणू ग्लिसरॉलमध्ये ठेवलेले आहेत आणि दुसऱ्या वर्षाच्या दोघी त्यांच्यावर काम करतायत. अकादमीच्या अर्जाची तारीख दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर बघावी लागते, साधारण हिवाळ्याच्या सुरुवातीला मुदत संपते. म्हणून दिवाळीच्या सुट्टीच्या आधी टिपणाचा पहिला खर्डा तयार हवा आणि शिफारसपत्रासाठी शिक्षकांना सांगून झालेलं हवं. टिपण दाखवायला जवळ कुणीच नसेल तर मला पाठवा, मी वाचेन. फक्त मुदतीच्या आदल्या रात्री नको, निदान आठवडाभर आधी पाठवा.